हातात ६२ हजार येतात. साडेदहा लाखांची गाडी ७ वर्षांच्या कर्जावर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की घर पुण्यात वारज्यात, नोकरी हिंजवडीत, हातात ६२ हजार येतात. ऑन-रोड साडेदहा लाखांच्या पेट्रोल गाडीसाठी अडीच लाख रोख भरायचे आणि ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी काढायचं, असं शोरूमने सुचवलंय. हप्ता १२,८७१ रुपये. घ्यावी का, आणि गाडी घेणं इतकं मनस्तापाचं का झालंय, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आधी देतो: ही गाडी या कर्जावर घेऊ नका.

मी एका सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं. समोर बसलेला माणूस शिक्षक असो की कारखान्यातला सुपरवायझर, पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हप्ता किती बसेल?" शोरूमला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तिथे किंमत कमी होत नाही, हप्ता कमी होतो, आणि तो मुदत वाढवून कमी होतो. तुमचंच कर्ज घ्या. ४ वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे १९,९०० बसतो आणि एकूण व्याज साधारण १ लाख ५६ हजार जातं. ७ वर्षांसाठी तेच व्याज २ लाख ८१ हजार होतं. म्हणजे हप्ता ७ हजारांनी हलका करायला तुम्ही सव्वा लाख रुपये जादा मोजता.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. ७ वर्षांच्या कर्जात पहिल्या ३ वर्षांत तुम्ही ४ लाख ६३ हजार भराल, तरी मुद्दल ५ लाख १७ हजार बाकी असेल. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि गाडीची किंमत सगळ्यात जास्त घसरते तीही याच वर्षांत. नोकरी गेली, बदली झाली, घरात आजारपण आलं, तर गाडी विकून हाती जे येईल त्यातून कर्ज फेडल्यावर फारसं काही उरत नाही. असे लोक माझ्यासमोर बसलेले मी पाहिलेत. हिशेब कळल्यावर त्यांचा चेहरा पडायचा आणि मला फार वाईट वाटायचं, कारण कागदोपत्री सगळं बरोबर असायचं.

"साहेब, फक्त ५ टक्के" असं कोणी म्हणालं तर तो दर फ्लॅट आहे का ते विचारा. फ्लॅट दरात, तुम्ही कितीही मुद्दल फेडलं तरी व्याज पूर्ण ८ लाखांवरच लावलं जातं. ५ वर्षांसाठी ५ टक्के फ्लॅट म्हणजे २ लाख व्याज, आणि घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने, म्हणजे फक्त बाकी मुद्दलावर व्याज धरलं तर, तो दर ९ टक्क्यांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने वाहनकर्जासह व्यक्तींना दिलेल्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलंय. प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर त्यात एका ओळीत लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा आणि घरी नेऊन शांतपणे वाचा. मुदतीआधी कर्ज फेडायचं ठरवलं तर किती दंड लागेल तेही त्यात बघा, कारण वाहनकर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं आणि दंड तिथेच लागतो. शोरूममधून कर्ज काढलं तर बऱ्याचदा बँक शोरूमला कमिशन देते. त्यामुळे 'ही बँक सगळ्यात स्वस्त' हे त्यांचं म्हणणं स्वतः दोन बँकांत विचारल्याशिवाय धरून चालू नका. जिथे पगार जमा होतो तिथून सुरुवात करा.

आता मनस्तापाचा प्रश्न, म्हणजे कोटेशन. एक्स-शोरूम किंमत (रस्ता कर आणि विमा धरण्याआधीची) ९ लाख धरली, तर महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे ९९ हजार. तो कोणालाच चुकत नाही. साडेदहा लाखांतले उरतात ५० हजारांच्या आसपास, आणि सगळी घासाघीस तिथेच करायची आहे. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ असेल तर ती कशाची आणि तिची पावती मिळेल का, एवढंच विचारा. बऱ्याचदा तेवढ्यानेच ती ओळ गळून पडते. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर यांचा 'कंपल्सरी किट' घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. विम्याचंही तसंच. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. "बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही", म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनी परस्पर भरणार नाही, असं सांगतात. कॅशलेस मिळणं हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं, पॉलिसी कुठून विकत घेतली यावर नाही. आधीच्या गाडीवर क्लेम घेतला नसेल तर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, मालकाचा असतो. तो नव्या गाडीला लावता येतो आणि ५० टक्क्यांपर्यंत जातो. हे शोरूममध्ये आपणहून क्वचितच कोणी सांगतं.

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी घ्यायची म्हणून लोक घाईत सह्या करतात. पासिंग होण्याआधी गाडी यार्डात, दिवसाउजेडी, पाहून घ्या आणि फॉर्म २२ वर (गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासा. मागच्या वर्षीची गाडी चालू वर्षाच्या भावात घरी आणणारी माणसं कमी नाहीत.

आणि चालवणं. वारजे ते हिंजवडी म्हणजे चांदणी चौक, बाणेर, वाकड. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला, पण पुढे कोंडी आहेच. कंपनीने सांगितलेलं मायलेज क्लच-ब्रेकच्या त्या रांगेत मिळत नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचं मायलेज त्याने ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, असं निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. (नवी गाडी ई-२० साठीच बनवलेली असते, जुनी घेताना मात्र हे लक्षात ठेवा.) महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला १४ धरले तरी पेट्रोलचे ७ हजारांच्या वर जातात. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग यांचे आणखी साडेतीन हजार मी नेहमी धरतो. हप्त्यासह ही गाडी महिन्याला २३ हजारांपुढे जाते. ६२ हजारांतले ते गेल्यावर घरभाडं, किराणा आणि आई-वडिलांचं औषधपाणी यांना काय उरतं, ते तुम्हीच मांडून बघा.

मी तुमच्या जागी असतो तर तेच अडीच लाख रोख भरून एकाच मालकाने वापरलेली, चार-पाच वर्षं जुनी छोटी गाडी साडेचार लाखांच्या आत शोधली असती. वरच्या २ लाखांचं कर्ज ३ वर्षांत फिटतं. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो, तरी रक्कम लहान असल्याने तो झेपतो. घेण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. विकणारा "कर्ज फिटलंय" म्हणाला तरी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कर्ज फिटल्यावर बोजा आपोआप उतरत नाही, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढा आणि ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या.

नवीच हवी असेल तर ऑन-रोड ७ लाखांच्या आतली बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे या गटात पूर्वीपेक्षा बरे पर्याय आहेत. कर्ज ४ वर्षांपेक्षा जास्त नको. कोटेशन मिळालं की नाव आणि फोन नंबर झाकून इथे टाका, मी ओळ न ओळ बघून सांगतो.