सिमेंटचे पत्रे उतरवायचे आहेत, शेजाऱ्यांची नोटीस आली आहे

प्रश्न: वडिलांनी 1981 साली चिंचवडला बांधलेले आमचे बैठे घर आहे. वर सिमेंटचे नळीदार पत्रे आहेत. ते काढून स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतो, दोन दिवसांत हातोड्याने फोडून खाली घेतो, चांगले निघतील ते पत्रे मी नेतो आणि मजुरीतून वळते करतो. शेजाऱ्यांच्या नातवाला दमा आहे. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे, काम कायमचे थांबवा, नाहीतर कोर्टात जाऊ, अशी नोटीस त्यांनी वकिलामार्फत पाठवली आहे. काम थांबवावे लागेल का? काही झाले तर जबाबदार मी की ठेकेदार?

उत्तर: ताई, काम कायमचे थांबवावे लागेल असे मला वाटत नाही. पण ठेकेदार म्हणतो तसे ते होऊ देऊ नका. नोटिशीचे उत्तर दोन दिवसांनी दिले तरी चालेल. हातोडा चालणार नाही, हे त्याला आजच सांगा.

त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चाला. पत्रा अखंड असेपर्यंत त्याचे तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. फोडला, ग्राइंडरने कापला, वरून फेकला की ते मोकळे होतात, श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उठतो. म्हणूनच ‘इतकी घरे पाडली, कुणाला काही झाले नाही’ असे ठेकेदार अगदी मनापासून म्हणू शकतो. तुमच्या छपरावर चढणारी बिगारी पोरे तेव्हा कुठे असतील, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

आता कायदा. राहत्या घरावरचे असे पत्रे कसे उतरवावेत यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कल्याणेश्वरी प्रकरणात ॲस्बेस्टॉसवर बंदी घालायलाही नकार दिला. पण त्याच न्यायालयाने 1995 मध्ये, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर, या धंद्यातल्या कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क ठरवला. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर ठेवायला कारखान्यांना सांगितले. आजार किती उशिरा उठतो, याची ही न्यायालयीन नोंदच आहे. ते आदेश कारखान्यांसाठी होते, तुमच्या घरासाठी नव्हेत. पण ‘धोका आहे हे मला ठाऊक नव्हते’ असे म्हणायला आता तुम्हाला जागा नाही. शेजाऱ्यांच्या नोटिशीने ती उरलीसुरलीही गेली. यापुढे पत्रे फोडले तर ते जाणूनबुजून केले असे धरले जाईल.

जबाबदार कोण? स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीबद्दल घरमालक सहसा जबाबदार नसतो. मात्र कामच मुळात शेजाऱ्यापाजाऱ्यांना धोक्याचे असेल, तर ‘मी ठेका दिला होता’ एवढे म्हणून दिवाणी दाव्यातून सुटता येत नाही. ‘सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ हे वाक्य करारात घाला, पण ते तुम्हा दोघांपुरते. शेजाऱ्यांना ते बांधत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम 125 आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून तुमचे खरे संरक्षण करारात आहे. 500 रुपयांच्या मुद्रांकावर कामाची पद्धतच लिहून घ्या. पत्रे आधी पाण्याने भिजवायचे. पत्रे धरून ठेवणाऱ्या आकड्यांचे (जे-हूकचे) नट गंजले असतील तर हाताने कापायचे, ग्राइंडर लावायचा नाही. पत्रा अखंड सोडवून दोरीने उतरवायचा. पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, आडव्या फळ्या टाकायच्या. जुना पत्रा पायाखाली फुटून माणूस खाली येतो आणि तो धोका वीस वर्षे थांबत नाही. मजुरांना एफएफपी-3 दर्जाचे मास्क तुम्ही द्या, रुमाल बांधून भागत नाही. कोरडा झाडू मारायचा नाही, आणि कामाचे कपडे तसेच घरी न्यायचे नाहीत. घरी ते धुणाऱ्या बाईच्या श्वासात तेच तंतू जातात. याने मजुरी वाढेल. ती द्या.

पत्रे ठेकेदाराला मात्र देऊ नका, भंगारातही विकू नका. ते पुढे कुणाच्या तरी गोठ्यावर कापून बसतील. राडारोड्यातही मिसळू देऊ नका. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असे लिहून बाजूला ठेवा. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस आहे, पण ते उत्पादनाच्या शीर्षकाखाली. त्यामुळे ‘घरगुती पत्रे आमच्याकडे येत नाहीत’ असे एखादा अधिकारी म्हणू शकतो. तोंडी उत्तर घेऊन परतू नका. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पिंपरी-चिंचवड कार्यालयात पत्र्यांची संख्या लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. घातक कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट रांजणगावला होते; तिथे नेण्याची लेखी परवानगी मागा. स्लॅबसाठी बांधकाम परवानगी लागेल, ती आधीच काढा.

नोटिशीच्या उत्तरात वाद घालू नका. काम कोणत्या पद्धतीने होणार ते लिहा, कराराची प्रत जोडा, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा. तरीही ते तात्पुरत्या मनाईसाठी जाऊ शकतात, म्हणून दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेट टाका. ते 90 दिवस चालते आणि तेवढ्या काळात तुमचे ऐकून घेतल्याशिवाय हुकूम होत नाही. आणि पत्रे उतरवण्याची तारीख शेजाऱ्यांना आठवडाभर आधी स्वतः जाऊन सांगा, म्हणजे त्या दोन दिवसांसाठी नातवाला दुसरीकडे ठेवता येईल.