इकडं यायचं म्हणतोस, तर आधी मार्कलिस्ट काढ

भावा, तुझा प्रश्न तीनदा वाचला. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सात वर्षं एसी आणि प्लंबिंगच्या डिझाइनची कामं केलीस, आता कमी कार्बनच्या इमारतींचं काम करायला इंग्लंडला यावं का, एमएससी करावी का, सहा वर्षांच्या मुलीच्या शाळेचं कसं, आणि एकटं वाटतं का, असं विचारलंस. दोन ओळींत उत्तर टाकून झोपणार होतो. आता लीड्समध्ये रात्रीचा दीड वाजलाय आणि मी अजून लिहितोय, त्यावरून काय ते समज.

व्हिसा आणि पगाराच्या अटींवर मी बोलणार नाही. ते सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं. बारा वर्षांपूर्वीचे नियम सांगून तुझा काय उपयोग?

आधी मार्कलिस्ट. आपल्याकडं तिच्यावर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आपल्याला त्यात काहीच वाटत नाही, पण इथं जे पहिलं लिहिलंय ते तुझं नाव, विषय संपला. व्यावसायिक नोंदणीच्या अर्जाला मी डिग्री जोडली, तर उत्तर आलं की डिग्री दुसऱ्याच कुणाची दिसते. तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन घरी आलो होतो, त्यातले चार दिवस कसबा बावड्याच्या कोर्टाच्या आवारात गेले. ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करायला! टायपिस्टनं सहज विचारलं, "मग तिकडं तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारतात?" खरं सांगू? ऑफिसात दीड वर्ष मला आडनावानंच हाक मारत होते, तेच नाव समजून, अगदी प्रेमानं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

दुसरं, अनुभवाचा दाखला. आत्ताच घे, मालक हयात आणि फर्म चालू असताना. "कामसू आणि होतकरू" असला मजकूर नको. कुठली इमारत, किती किलोवॅटची यंत्रणा, त्यात तू स्वतः काय ठरवलंस ते लिहून घे. आणि बायोडेटात एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) लिहू नको, इथं 'बिल्डिंग सर्व्हिसेस' म्हणतात. पाणी-ड्रेनेजवाला 'पब्लिक हेल्थ इंजिनिअर' असतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा झेडपीच्या आरोग्य खात्यातला माणूस.

आता काम. पहिल्याच महिन्यात एका जुन्या इमारतीचा गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवायचं आलं. हीट पंप म्हणजे उलटा एसी समज, बाहेरची उष्णता ओढून आत देणारा. मी सवयीनं चौरस फुटांवरून आकडा काढला, वर वीस टक्के 'असू द्या' म्हणून टाकले. एसीच्या टनाचे किलोवॅट केले, ३.५१७ नं गुणून, आणि कागद पुढं ठेवला. बाईंनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, विचारलं हा आकडा कशावरून? म्हटलं, अनुभवावरून. त्या म्हणाल्या, "कुठल्या इमारतीच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. आपला सगळा अनुभव थंड करण्याचा. आपल्याकडं मोठं मशीन बसवलं की गिऱ्हाईक खूश. इथं हीट पंप मोठा झाला की तो दर दहा मिनिटांनी चालू-बंद होतो, वीज खातो आणि लवकर मरतो. शिवाय बॉयलर रेडिएटरला ८० अंशाचं पाणी द्यायचा, हीट पंप ४५-५० अंशावर खूश असतो. रेडिएटरमधनं जाताना पाणी निवतं, म्हणून सरासरी धरायची; खोली २० अंशावर ठेवायची तर रेडिएटर आणि खोली यांच्यातला फरक ५० वरून २५ वर येतो, आणि तोच रेडिएटर जेमतेम ४० टक्के उष्णता देतो. मग एकतर अडीचपट रेडिएटर लाव, नाहीतर इमारतीतनं उष्णता बाहेर पळतेय ती अडव. म्हणून इथला मेकॅनिकल इंजिनिअर निम्मा वेळ खिडकीच्या फटींबद्दल आर्किटेक्टशी भांडत असतो. मला हे भांडण आवडतं. आपल्याकडं आपण शेवटी येतो आणि उरलेल्या जागेत डक्ट कोंबतो.

गरम पाण्याचं वेगळंच दुखणं. साठवलेलं पाणी लिजिओनेला जंतूंसाठी ६० अंशावर न्यावं लागतं आणि हीट पंपाला तेवढं चढताना धाप लागते. कार्बन वाचवायचा की जंतू मारायचे, असा तिढा दर प्रकल्पात येतो.

आणि इथला हिशेब तसाच्या तसा डोक्यात भरून घेऊ नको. गॅस जाळून एक युनिट उष्णता मिळवली की साधारण २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. इथली वीजही आता युनिटला तेवढ्याच्या आसपास आहे. शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे ७० ग्रॅमवर काम झालं. आपली वीज मात्र अजून बरीचशी कोळशाची, युनिटला ७०० ग्रॅमच्या आसपास. तेच मशीन कोल्हापुरात गीझरला सहज हरवेल, गॅसशी मात्र जेमतेम बरोबरी करेल. मशीन तेच, गाव बदललं की उत्तर बदलतं.

एक गोष्ट तुझ्या फायद्याची. इथं यंत्रसामग्री बनवतानाचा कार्बनही मोजतात. सिब्सी या इथल्या बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअरांच्या संस्थेची टीएम-६५ नावाची पद्धत २०२१ ला आली. पंपाचं वजन किती, त्यात बीड (ओतीव लोखंड) किती, तांबं किती, एसीत असतो तसला गॅस कुठला आणि किती भरलाय, जोडणी कुठं झाली, असं सगळं कंपनीकडनं मागवावं लागतं. गॅसचंच बघ: दोन किलो आर-४१०ए गळाला तर चार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. माझ्या ऑफिसातल्या पोरांना हे सगळे कागदावरचे आकडे. पंपाची बॉडी कशी ओततात, भट्टीत भंगार किती टाकतात, हे त्यांतल्या एकानंही बघितलेलं नाही. तू उद्यमनगरातल्या फौंड्र्यांत उभा राहिलायस. मुलाखतीत ते सांग. मी लाजून सांगितलं नव्हतं.

एमएससी शिकण्यासाठी कर. नोकरीची हमी समजून घर गहाण ठेवून करू नको.

एकटेपणा होतो, जातो. मंडळ आहे, गणपती बसतो, मिसळीचा मसाला मिळतो. पुढं.

शाळा. इथं माझा हात थांबतोय. मुलगा सात वर्षांचा होता. शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता, घरी बोलली जाणारी भाषा. मी ऐटीत मराठी लिहिलं. तेवढ्यावरनं त्याला इंग्रजीच्या मदतीसाठी वर्गातनं उठवून दुसऱ्या खोलीत नेऊ लागले, नेमकं गणिताच्या तासाला. पोरगं पंचवीसपर्यंत पाढे म्हणत होतं. त्याची बेरीज बरोबर यायची, पण हातचा धरून केलेली, त्यांच्या संख्यारेषेवर उड्या मारून नाही. वहीत शेरा: उत्तर बरोबर, रीत दाखवलेली नाही. वर्षभर सगळ्यात खालच्या गटात बसवलं. मी भांडायला गेलो आणि माझंच इंग्रजी अडखळलं. वर्गाच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग फॉर्मकडं, आणि त्यांना त्यांचं उत्तर मिळालं.

त्या रात्री मी बायकोला सांगितलं, उद्यापासनं घरात मराठी बंद. ती काही बोलली नाही. सहा महिन्यांत पोरगा वरच्या गटात गेला. आता एकोणीसचा आहे. आजीचा फोन आला की "कशी आहेस आजी, बरा आहे" म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. बरा आहे कोण, तेही धड कळत नाही. शाळेवरचा राग अजून गेला नाही, पण मराठी शाळेनं बंद केली नव्हती.

तुझी मुलगी सहाची आहे. रकान्यात मराठीच लिही. गट खालचा मिळाला तर मिळू दे, वर्षभरात निघतो. घरात काही बदलू नको. पाढे घेत राहा, मोठ्यानं.

तू शेवटी विचारलंस, परत यावंसं वाटतं का. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर होतं. मातीच्या हातभर जाड भिंती, मधे चौक, वर कौलं. एप्रिलमध्ये दुपारी माजघरात फरशीवर झोपलं तर पंखा लागायचा नाही. ते पाडून चार मजले उठले. बिल्डरनं ड्रॉइंग मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, "तुम्ही इंजिनिअर, एकदा नजर घाला" म्हणून. त्या आठवड्यात माझं एक टेंडर होतं. न बघताच होकाराचा अंगठा टाकून मोकळा झालो. आई आता सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेला. वर स्लॅब तापतो, समोरून ऊन आत येतं, रात्री दहापर्यंत भिंती गरम. मी तिला दीड टनाचा एसी बसवून दिला. दिवसभर लोकांना यंत्र लहान ठेवा म्हणून सांगतो तो मी. बिलाच्या भीतीनं ती तो लावत नाही, दार उघडं टाकून उंबऱ्याशी झोपते.

स्लॅबवर चायना मोझॅक करायचं सोसायटीच्या मागं लागून झालंय, होईल तेव्हा होईल. खिडकीचं मात्र लगेच होण्यासारखं आहे. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्ज्यानं अडत नाही. आतला पडदाही कामाचा नाही, तोवर ऊन काचेतनं आत आलेलं असतं. बाहेरून बांबूची चिक नाहीतर वाळ्याचा पडदा पाहिजे. रविवारी पेठेकडं येणं झालं तर बघशील का? खिडकी चार बाय साडेचार आहे, पण ग्रिल बाहेर आलंय, त्यामुळं हुक कुठं ठोकायचे ते जागेवर बघितल्याशिवाय कळणार नाही. माप घे आणि फोटो पाठव. आईला सांगून ठेवतो. चहाला नाही म्हणू नको, चालत नाही तिला.