पाणी शोधलं की पुणे का सापडतं? फ्रेझ सर्चबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत दुखणं एकच आहे: सुटा शब्द सापडतो, पण लागोपाठचे शब्द अवतरणात टाकले की यंत्र हात वर करतं. शब्द कोणत्या दस्तऐवजात आहे एवढं कळून फ्रेझ सर्च, म्हणजे लागोपाठचे शब्द त्याच क्रमाने शोधणं, होत नाही. तो कितव्या जागेवर आहे, म्हणजे त्याची पोझिशन, इंडेक्समध्ये (शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीत) लागते. खालची प्रत्येक तक्रार शेवटी या आकड्यापाशी येते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने ओसीआर केलेली (पानांच्या चित्रांतून मजकूर ओळखून घेतलेली) चारशे जुनी पुस्तकं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवली आहेत. एक पुस्तक, एक रांग (टेबलातली एक नोंद). पहिल्या काही प्रकरणांतली वाक्यं बरोबर मिळतात, पुढची मात्र कधीच नाहीत. तेच शब्द सुटे टाकले तर पुस्तक सापडतं. इंडेक्स बिघडला आहे का?

इंडेक्स ठीक आहे, रांग फार लांब आहे. पोस्टग्रेसच्या 'टीएसव्हेक्टर'मध्ये, म्हणजे शब्द आणि त्यांच्या जागा साठवणाऱ्या यादीत, पोझिशन १६,३८३ च्या पुढे जात नाही. त्यानंतरच्या प्रत्येक शब्दाला तोच आकडा मिळतो, आणि कसलीही सूचना येत नाही. पानाला तीनशे शब्द धरले तर ही मर्यादा साधारण पंचावन्नाव्या पानावर संपते. तिथून पुढे सगळेच शब्द 'एकाच जागी' उभे असतात, मग 'याच्या लगेच नंतर तो' ही अट पुरी होणार कशी?

दुसरी मर्यादाही आहे. एका शब्दाच्या जास्तीत जास्त २५६ पोझिशन ठेवल्या जातात. 'आणि', 'होता' हे शब्द त्या पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच संपवतात. त्यामुळे अशा शब्दाची फ्रेझ पंचावन्नाव्या पानाच्या बरीच आधी सापडेनाशी होते. शिवाय संपूर्ण टीएसव्हेक्टर एक एमबीच्या आत बसावा लागतो, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. ही मर्यादा ओलांडली तर निदान एरर तरी येतो. पहिल्या दोन गुपचूप नुकसान करतात, म्हणून त्या जास्त घातक.

उपाय : एक पान, एक रांग. चारशे पुस्तकांच्या लाख-सव्वा लाख रांगा झाल्या तरी पोस्टग्रेसला त्याचं ओझं नाही, उलट वेग वाढतो. पोस्टग्रेसच्या 'जिन' या प्रकारच्या इंडेक्समध्ये पोझिशन नसतातच, त्यामुळे फ्रेझ तपासायला मूळ रांग उघडावी लागते. रांग छोटी असेल तर हे काम स्वस्तात होतं.

पानाच्या सांध्यावर तुटलेलं वाक्य हातचं जाऊ नये म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी पुढच्या पानाचे पहिले वीस शब्द जोडा. हे जोडलेलं रूप एका स्तंभात आणि फक्त त्या पानाचा मजकूर दुसऱ्या स्तंभात ठेवा. शोध पहिल्या स्तंभावर घ्या. जे पान फक्त शेपटीमुळे सापडलं आणि ज्याच्या पुढच्या पानावर तीच फ्रेझ पूर्ण आहे, ते यादीतून वगळा. जोडण्याआधी पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव आणि तळाचा पृष्ठांक काढून टाका, नाहीतर ते बरोबर वाक्याच्या मधोमध येऊन बसतात. ओळीच्या शेवटी 'महा-' आणि पुढच्या ओळीत 'राष्ट्र' असं तुटलेलं असेल तर तेही इथेच सांधून घ्या.

प्रश्न : मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एफटीएस५ ही शोधाची सोय वापरतो. 'पाणी' शोधलं की 'पुणे' असलेल्या नोंदीही येतात. हे कसं शक्य आहे?

एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), 'युनिकोड६१', फक्त अक्षरं आणि अंक शब्दाचा भाग मानतो. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त युनिकोडमध्ये 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत, म्हणून त्याला ते दोन शब्दांमधली मोकळी जागा वाटतात. 'पाणी' म्हणजे मग 'प' आणि 'ण' असे दोन शब्द. 'पुणे' म्हणजेही 'प' आणि 'ण'. आणि 'पण'? तो एकसंध राहतो, म्हणून सापडत नाही.

टेबल बनवताना टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात मूळच्या 'एल*', 'एन*', 'सीओ' यांच्या जोडीला 'एमएन' आणि 'एमसी' (मार्कचे दोन उपवर्ग) लिहा. टेबल नव्याने बनवून सगळा मजकूर पुन्हा भरावा लागेल. त्याच वेळी 'डिटेल' पर्याय 'फुल' आहे ना, ते बघा. जागा वाचवायला कुणी 'कॉलम' किंवा 'नन' केलं असेल तर पोझिशन साठवल्याच जात नाहीत आणि फ्रेझ चालत नाही.

प्रश्न : ओवी-अभंगांचा संग्रह इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रात आहे. एका ओळीतले शब्द मिळतात, एक कडवं संपून दुसरं सुरू होतं तिथली फ्रेझ मिळत नाही.

कडव्याचा क्रमांक आडवा येतो. समजा मजकूर असा आहे: 'उंबरठ्याशी दिवा ॥१२॥ दारात सावली'. हा '_ॲनालाइझ'ला (शब्द आणि त्यांच्या पोझिशन दाखवणाऱ्या सोयीला) देऊन पाहा: उंबरठ्याशी ०, दिवा १, १२ ला २, दारात ३, सावली ४. दंड गळून पडले, पण आकडा शब्द म्हणून राहिला. 'दिवा दारात' या दोन शब्दांत एक घर जास्त पडलं.

इथे बरेच जण 'स्टॉप' हा शब्द गाळणारा फिल्टर लावून आकडे काढतात. शब्द जातो, पण त्याचं रिकामं घर तसंच राहतं, कारण फिल्टर चालतो तेव्हा पोझिशन वाटून झालेल्या असतात. आकडा टोकनायझरच्या आधीच जायला हवा. 'पॅटर्न रिप्लेस' या कॅरेक्टर फिल्टरने (शब्द पाडण्याआधी अक्षरं बदलणाऱ्या) ते होतं, पण मजकुराची लांबी बदलली की सापडलेल्या शब्दावरची हायलाइटची खूण सरकण्याचा धोका असतो. आमची पसंती सरळ मार्गाला: मजकूर पाठवण्याआधी आपल्या प्रोग्राममध्येच क्रमांक काढून घ्या आणि तो वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. 'स्लॉप' (शब्दांमध्ये चालणारं अंतर) १ ठेवूनही सांधा जुळतो, पण मग प्रत्येक शोधात मध्ये कोणताही एक शब्द चालतो. नेमकेपणासाठी फ्रेझ सर्च करायचा आणि तोच घालवायचा, हे पटत नाही.

कडवी ॲरे म्हणून दिली असतील तर कारण वेगळं. ॲरेच्या दोन घटकांमध्ये इलॅस्टिकसर्च मुद्दाम १०० पोझिशनची फट सोडतो. 'पोझिशन इन्क्रिमेंट गॅप' ० केला की ती बुजते.

प्रश्न : 'दुसऱ्या दिवशी' शोधलं तर निम्मीच पानं येतात. उरलेल्या पानांवर हेच शब्द डोळ्यांनी दिसतात.

डोळ्यांना सारखे, यंत्राला वेगळे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह ('दुसर्‍या'). युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एक करण्याची पद्धत, या दोघांना एक करत नाही. इलॅस्टिकसर्चचा 'आयसीयू नॉर्मलायझर' नेहमीच्या सेटिंगमध्ये जॉइनर काढून टाकतो, मग उरतो 'दुसर्या', म्हणजे तिसरंच रूप. 'ॲप'चंही तसंच: 'ॲ' हे एक चिन्ह असू शकतं किंवा 'अ' वर चंद्र दिलेला असू शकतो, आणि एनएफसी त्यांनाही जोडत नाही.

म्हणून इलॅस्टिकसर्चच्या 'मॅपिंग' कॅरेक्टर फिल्टरमध्ये ही रूपं एक करणारे दोन नियम स्वतः लिहा आणि तो फिल्टर सर्वांत आधी ठेवा. 'डेसिमल डिजिट' टोकन फिल्टरने १९४८ देवनागरीत असो की इंग्रजी अंकांत, एकच होतो.

मराठीसाठी तयार ॲनालायझर (शब्द पाडून त्यांची रूपं ठरवणारा संच) नाही म्हणून हिंदीचा लावू नका. तो ऱ्हस्व-दीर्घ एक करतो, हलन्त काढतो आणि हिंदी प्रत्ययांच्या हिशेबाने मराठी शब्दांची शेपटं छाटतो. 'दिन' आणि 'दीन' त्याला सारखेच. ओसीआरच्या वेलांट्या चुकलेल्या असतील तर फक्त 'हिंदी नॉर्मलायझेशन' हा फिल्टर एका उपफील्डला लावा, मुख्य फील्डला नाही, आणि मुख्य फील्डच्या जुळणीला जास्त वजन द्या.

प्रश्न : 'जुना वाडा' टाकल्यावर 'जुन्या वाड्यात' यायला हवं. येत नाही.

सामान्यरूप होताना दोन्ही शब्द बदलतात. 'मॅच फ्रेझ प्रीफिक्स' फक्त शेवटचा शब्द मोकळा सोडतो, आणि तोही पहिल्या ५० रूपांपुरता. 'इंटरव्हल्स' क्वेरी घ्या: 'जुन' आणि 'वाड' हे दोन प्रीफिक्स (शब्दांची सुरुवात), 'ऑर्डर्ड' खरं (क्रम तोच), 'मॅक्स गॅप्स' ० (मध्ये शब्द नको). 'जुनी वाडी'ही येईल, तेवढं सोसावं लागतं. एका प्रीफिक्सची ठरलेल्या मर्यादेपेक्षा (जुन्या आवृत्त्यांत ती १२८ होती) जास्त रूपं निघाली तर क्वेरी एरर देते. मोठ्या संग्रहात 'वाड'ची तेवढी निघू शकतात, म्हणून फील्डवर 'इंडेक्स प्रीफिक्सेस' चालू करा. मग ही मर्यादा लागू होत नाही.

प्रश्न : 'आहे की नाही' अशा फ्रेझला फार वेळ लागतो. स्टॉपवर्ड (सतत येणारे शब्द) काढू का?

काढू नका. काढल्यावर ही फ्रेझ उरतच नाही. त्याऐवजी 'इंडेक्स फ्रेझेस' चालू करा. शेजारच्या दोन-दोन शब्दांच्या जोड्या वेगळ्या साठवल्या जातात, इंडेक्स फुगतो, पण स्लॉप नसलेली फ्रेझ झटपट मिळते.

वरचे इलॅस्टिकसर्चमधले बहुतेक बदल चालू इंडेक्सवर लागत नाहीत. नवा इंडेक्स बनवा, 'रीइंडेक्स'ने मजकूर ओता, पाच-सहा अडचणीच्या फ्रेझ दोन्हीकडे चालवून पाहा आणि मगच एलियस (इंडेक्सचं टोपणनाव) नव्याकडे वळवा. हायलाइट करताना दहा लाख अक्षरचिन्हांपेक्षा मोठ्या फील्डवर एरर येतो. 'इंडेक्स ऑप्शन्स' आधीच 'ऑफसेट्स' ठेवलं तर मजकूर पुन्हा फोडावा लागत नाही आणि ती अडचण येत नाही.