मानस उलटी उघडते, तिथून सुरुवात करा

प्रश्न (गोव्यातल्या डिचोलीहून एक वाचक): नोकरी सांभाळून मी एक साहसी व्हिडिओ गेम तयार केला. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन), बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार), राखणदार (गाव राखणारा देव) अशी सगळी इथलीच पार्श्वभूमी. चित्रं मित्राने काढली; लेखी काही नाही, नफ्यात वाटा द्यायचं तोंडी ठरलं होतं. २०२३ मध्ये गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आला. त्याच्या आदल्या वर्षी परराज्यातल्या एका स्टुडिओकडे नोकरीसाठी अर्ज करताना डेमो ईमेलने पाठवला होता. आता त्यांचाच गेम बाजारात आलाय. घोंगडी पांघरलेला राखणदार, त्याला बिडी-भाकरीचा मान, कंदील घेतलेली मुलगी, भरती-ओहोटीवर चालणारी कोडी, आणि मानशीचं दार माझ्या गेमसारखंच भरतीला उघडतं. मी फेसबुकवर त्यांना चोर म्हटलंय. आता काय करू?

उत्तर: तुम्ही दिलेल्या यादीतली पहिली चार साम्यं बाजूला ठेवा. ती तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबली असतील, पण कोर्टात त्यांची किंमत फार नाही. राखणदार गावाचा आहे, त्याची घोंगडी आणि बिडीही गावाची. कंदील तर साहसी गेम या प्रकाराइतकाच जुना: १९७६-७७ च्या ‘कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर’मध्येच दिवा आणि किल्ल्या घेऊन गुहेत शिरायचं होतं. कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो, त्यांच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच सांगितलं आहे. खेळांच्या बाबतीत ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळासारख्याच ‘स्क्रॅब्युलस’ या ऑनलाइन खेळावरचा २००८ चा निकाल पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने ‘स्क्रॅबल’शी मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली, पण पटाच्या कॉपीराइटवर तात्पुरता मनाई हुकूम दिला नाही.

पाचवं साम्य मात्र वेगळं आहे. खऱ्या खाजनात भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा मानशीचं दार मिटतं, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तर मानस. तुम्ही कोड्यासाठी ते उलटं केलंत. खाजनाचा अभ्यास करून कोणी गेम बनवला असता तर दार बरोबर दिशेला उघडलं असतं. दोघांची चूक एकच असेल, तर दुसऱ्याच्या टेबलावर पहिल्याचं काम होतं असा तर्क न्यायाधीशही करतात, आणि डेमोचा ईमेल त्याला दुजोरा देतो. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की त्यांनी तुमचा गेम पाहिला. उलटं दार हे कोडं आहे आणि कोडं म्हणजे पुन्हा कल्पनाच. त्यांनी नेमकी कोणती मांडणी उचलली, ते अजून शोधायचं आहे.

त्यासाठी त्यांचा गेम रीतसर विकत घ्या, पावती ठेवा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळताना सलग स्क्रीन रेकॉर्ड करा. दोन्ही गेममधली तीच जागा एकाच मापात काढून एकावर एक अर्धपारदर्शक ठेवा. बांधाच्या जांभ्या दगडांचे सांधे, पायऱ्यांची संख्या, सावलीची दिशा जुळते का? संवादातल्या शुद्धलेखनाच्या चुका जुळतात का? ‘लिंबो ऑफ द लॉस्ट’ नावाचा साहसी गेम २००८ मध्ये असाच पकडला गेला. खेळणाऱ्यांनी त्यातली दृश्यं ‘ऑब्लिव्हियन’ आणि ‘थीफ: डेडली शॅडोज’ या आधीच्या गेमशेजारी ठेवून पाहिली, आणि वितरकाने विक्री थांबवली. फाइली फोडून बघायचा मोह मात्र आवरा. गेम नेहमीसारखा चालवून निरीक्षण करायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. त्यापलीकडे गेलात तर तुमच्यावरच परवान्याच्या अटी मोडल्याचा आरोप येईल.

आता तुमची दुखरी बाजू. समजा चित्रं हुबेहूब निघाली. ती कोणाची? मित्र तुमचा नोकर नव्हता, त्यामुळे त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक तोच धरला जाण्याची शक्यता मोठी. पैसे मोजून काढून घेतलेल्या चित्रांसाठी वेगळा नियम आहे, पण ‘नफ्यात वाटा’ या तोंडी बोलीवर तो वाद अंगावर घेऊ नका. सरळ हस्तांतरणाचा करार करा: लेखी, मित्राच्या सहीने, चित्रांच्या यादीसह, मोबदला स्पष्ट लिहून. मुदत लिहिली नाही तर कलम १९ नुसार पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्टीमवरच्या गेमला हे दोन्ही परवडणार नाही. ‘आजवर झालेल्या उल्लंघनाबद्दल दावा करण्याच्या हक्कासह’ हे वाक्य त्यात हवंच. नेमकं तेच राहून जातं. संगीत कोणाकडून घेतलं असेल तर त्याचाही असाच कागद करा. आणि तुमच्या नोकरीचं नियुक्तिपत्र काढून वाचा. फावल्या वेळातलं कामही कंपनीचं, असं कलम त्यात आहे का? असेल तर पुढे जाण्याआधी ते वकिलाला दाखवा.

नोंदणी नसली तरी कॉपीराइट असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरीही अर्ज करून ठेवा, नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. सॉफ्टवेअरसाठी सोर्स कोडची किमान पहिली दहा आणि शेवटची दहा पानं जोडावी लागतात, काहीही न झाकता. जुनं बिल्ड (गेमची त्या वेळची तयार आवृत्ती) आणि गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) इतिहास यांना हात लावू नका. ‘नीट लावून ठेवतो’ म्हणत फोल्डर हलवले की तारखा बदलतात. मूळ संचाची एक प्रत करून तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलींचा डिजिटल ठसा) काढा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. त्या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने.

स्टीमकडे हटवण्याची नोटीस देता येते, पण ती अमेरिकन कायद्याखाली जाते आणि तिच्यात ‘मी हक्कधारक आहे’ असं, खोटं ठरल्यास शिक्षा मान्य करून, लिहावं लागतं. म्हणून मित्राची सही आधी, नोटीस नंतर. ‘सगळा गेमच चोरला’ असं मोघम लिहू नका. कोणतं दृश्य, कोणत्या मिनिटाला, तुमच्या कोणत्या चित्रावरून, तेवढंच लिहा. समोरच्याने उलट नोटीस दिली आणि तुम्ही दावा लावला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत गेम परत दिसू लागतो.

फेसबुकवरची पोस्ट खाली उतरवा, पण आधी तिची प्रत वकिलाला द्या. ‘चोर’ या शब्दावर बदनामीची तक्रार होऊ शकते. आणि पुराव्याशिवाय उल्लंघनाबद्दल कारवाईच्या धमक्या देत राहिलात, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली तेच तुमच्यावर दावा लावू शकतात.

दावा तुम्हाला उत्तर गोव्याच्या जिल्हा न्यायालयात लावता येईल. वादी राहतो तिथे दावा लावण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे, त्यामुळे त्यांच्या शहरात खेटे घालायला नकोत. दाव्याची रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक वाद ठरतो. मग तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची. तिला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. मनाई हुकूम मागायचा असेल तर हयगय नको. दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं आहे खरी, पण सहा महिने गप्प बसून ‘तातडी आहे’ म्हणालात तर ते कोणाला पटणार नाही.

फक्त दोन-तीन चित्रंच जुळली, तर दाव्यापेक्षा ती बदलून घेणं, श्रेयनामावलीत मित्राचं नाव आणि एकरकमी भरपाई एवढ्यावर मध्यस्थीत मिटवा. अख्खा बांध दगडान् दगड जुळला, तर मनाई हुकूमच मागा.