अनुदान कोणत्या वाटेने येते, ते आधी पाहा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात आहेत. युरियाच्या पावतीवर अनुदानाची रक्कम छापलेली असते, ती आमच्या खात्यात का येत नाही? आणि ठिबकला 80 टक्के अनुदान आहे, तर खिशातून एवढे पैसे का गेले?

अनुदान म्हणजे तुमच्या खर्चातला काही वाटा सरकारने उचलणे. तो वाटा सरकार कोणाच्या हाती आणि कधी देते, यावर सगळे अवलंबून असते.

युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो. फरकाची रक्कम केंद्र सरकार खत कंपनीला देते, तीही दुकानातल्या पॉस मशीनवर (आधार घेऊन विक्री नोंदवणारे यंत्र) विक्रीची नोंद झाल्यावर. म्हणजे तुमचे अनुदान गोणीच्या किमतीतच मिळून गेलेले असते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची मोफत वीजही याच प्रकारातली. एक कळकळीची विनंती: युरिया स्वस्त पडतो म्हणून जास्त टाकू नका. जादा नत्राने पीक माजते, रसशोषक किडी वाढतात आणि वाचलेले पैसे फवारणीत जातात.

ठिबकचे वेगळे आहे. दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि राज्याचे पूरक 25 टक्के, असे 80 टक्के मिळतात. इतरांना 45 आणि 30, म्हणजे 75 टक्के. पण ही टक्केवारी तुमच्या बिलावर नसते, सरकारने ठरवलेल्या खर्च मापदंडावर असते. मापदंड क्षेत्र आणि दोन लॅटरलमधले, म्हणजे पिकाच्या ओळीने अंथरलेल्या नळ्यांमधले, अंतर पाहून ठरतो. समजा तो 1 लाख रुपये निघाला आणि तुमचे बिल 1 लाख 30 हजारांचे झाले, तर अनुदान 80 हजारच. उरलेले 50 हजार तुमचे. 26 हजारांत भागेल असे धरून बसलात तर ऐन हंगामात हात अडकतो. म्हणून दुकानदाराकडून कोटेशन घेतले की मापदंडाचा आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) समजून घ्या आणि मगच व्यवहार ठरवा.

याचा क्रमही चुकवू नका. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी. पुढे बिल अपलोड करायचे, मोका तपासणी (शेतावर येऊन संचाची पाहणी) होते आणि मग आधार जोडलेल्या खात्यात रक्कम येते. पूर्वसंमतीआधी बसवलेल्या संचाला अनुदान बसत नाही. खूप जणांनी हे विचारले आहे, म्हणून स्पष्टच सांगतो.

तिसरी वाट व्याजाची. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळते, वेळेत फेडले की केंद्राकडून 3 टक्क्यांची सूट मिळते. उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उचलते, म्हणजे तुम्हाला व्याज शून्य. मुदत टळल्यावर नवं-जुनं (जुने कर्ज भरून लगेच नवे उचलणे) केले तर ही सवलत हातची जाते.

कर्जाशी जोडलेले अनुदान याहून वेगळे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये मिळतात. ते बँकेत तुमच्या नावे वेगळे ठेवले जातात आणि तीन वर्षे कर्जखाते नियमित राहिले तर कर्जात वळते होतात. हातात रोख येत नाही, त्यामुळे त्या भरवशावर दुसरी उसनवारी करू नका.

पीएम किसानचे वर्षाचे 6 हजार हे कोणत्या वस्तूवरचे अनुदान नाही, ते थेट उत्पन्नाला हातभार आहे. पीकविम्यात तुम्ही खरिपाला 2, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरता, बाकीचा केंद्र व राज्य भरतात.

अर्जाआधी शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या आणि सातबारा, आधार व बँक खात्यावरचे नाव एकसारखे आहे का ते तपासा. अनुदान मंजूर करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, तालुका कृषी अधिकारी कार्यालयात येऊन सांगा.