ताई, पोराला पोलिसांनी नेलं, आता काय करू? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई, मी नागपूरला मानेवाड्यात राहते, डबे करून देते, मिस्टर ऑटो चालवतात. माझा पोरगा बारावीला. दोन मोठ्या पोरांच्या गाडीवर मागं बसून फुटाळ्याला एका बाईचा मोबाईल हिसकला म्हणून गुन्हा लागला. त्या दिवशी त्याला 18 पूर्ण व्हायला बारा दिवस कमी होते, पकडलं तेव्हा झाले होते. एक ओळखीचे म्हणून राहिले की आता मोठ्यांच्या कोर्टात जाईल, चाळीस हजार द्या, मी सेटिंग करतो. मिस्टर लाजेनं तिकडे जायलाच तयार नाहीत, पहिल्या तारखेला आम्ही कोणीच नव्हतो, जामीन झाला नाही. त्यात पोराचा फोटो एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून राहिला.

उत्तर: ताई, पहिले ते चाळीस हजार घरातच ठेवा. वय मोजतात ते गुन्ह्याच्या दिवसाचं, पकडल्याच्या दिवसाचं नाही, म्हणजे तुमचा मुलगा बाल न्याय मंडळाकडेच जाणार, ज्याला सगळे नुसतं बोर्ड म्हणतात, तिथे एक मॅजिस्ट्रेट अन् दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्या दोघांत एक तरी बाई असते. त्या मोठ्या पोरांची केस वेगळी चालेल, दोन्ही एकत्र चालवायला कायद्यातच बंदी आहे. फक्त वयाचा कागद पक्का पाहिजे. लोक आधार कार्ड घेऊन येतात अन् हेलपाटा पडतो, तुम्ही शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट न्या, ते नसेल तर महानगरपालिकेचा जन्मदाखला, अन् काहीच नसेल तर मग डॉक्टरी तपासणी होते.

आता जामिनाचं. मोठ्यांच्या केसमध्ये गुन्हा जामीनपात्र आहे का ते बघतात, इथे ते बघायचंच नसतं, 2015 चा बाल न्याय कायदा म्हणतो की जामीन द्यायचा, नाकारायचा तर तीनच कारणं, की सुटला तर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला नाहीतर मनाला धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच राहणार नाही. मग तुम्हीच सांगा, तारखेला घरचं एकही माणूस नाही तर बोर्डानं काय समजायचं? हेच ना, की हा सुटला की परत त्याच दोघांच्या गाडीवर बसेल. भाऊंना माझा निरोप द्या, की तुमचा एक दिवसाचा धंदा बुडेल, चार लोक बघतील, पण या. मी खूप वर्षं हे बघते आहे, पोरगं आत आल्यावर मॅजिस्ट्रेटकडे बघत नाही हो, दाराकडे बघत असते, कोणी आलं का म्हणून.

प्रोबेशन ऑफिसर घरी किंवा शेजारी चौकशीला येतील, त्यांच्या अहवालावर पुढचं खूप अवलंबून असते. तेव्हा आमचा पोरगा एकदम साधा, त्याला काहीच माहीत नाही असं सांगत बसू नका. क्लास कधी सुटला, खर्रा लागला का, ती मोठी पोरं कुठं भेटली, सगळं खरं सांगा, कारण त्या पोरांनी त्याला पैसे देऊन किंवा दमदाटी करून वापरलं असेल तर तो त्यांचा वेगळा गुन्हा होतो, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् पाच लाख दंड. नुसत्या हिसकावण्याला मोठ्या माणसाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेवढंच कलम असेल तर मुलासाठी ते किरकोळ गुन्ह्यात मोडते, चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात, तेवढ्यातही नाही संपली तर बंदच होते. गुन्हा सिद्ध झाला तरी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, आई-बापाच्या हवाली करणं, असे मार्ग असतात, विशेष गृहात ठेवलं तरी तीन वर्षांच्या वर नाही, अन् पुढे नोकरीला वगैरे हा डाग आड येत नाही, तसं कायद्यात लिहिलं आहे.

फोटोचा मला फार राग आला. अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही पसरवणं हा गुन्हा आहे, कलम 74, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट घ्या, ग्रुपचं नाव अन् टाकणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे, पोलीस ठाण्यात लेखी द्या, बोर्डालाही सांगा. वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, सिव्हिल लाइन्सला कोर्टातच विचारा, कोणीही दाखवेल.

प्रश्न: नंदनवनहून लिहितो. मुलगा 16 चा, स्कूटीनं क्लासला जातो, गल्लीतल्या गल्लीत. पकडलं तर दंड भरून सुटतो का?

उत्तर: नाही दादा. 2019 पासून मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद अन् 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, अन् मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. 16 व्या वर्षी लायसन मिळते ते 50 सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, तुमची स्कूटी त्यात बसत नसणार. सायकल घेऊन द्या.

प्रश्न: माझा भाचा 22 वर्षांचा होता. महाल भागात किरकोळ भांडणात त्याला चाकू मारला, मेडिकल हॉस्पिटलला नेईपर्यंत गेला. मारणारा साडेसोळाचा. लोक म्हणतात तीन वर्षांत सुटेल. आमच्या पोराचं वय कोणी मोजलं का ताई?

उत्तर: दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी परत घेतलं. तुम्ही माफ करा असं मी कधीच म्हणणार नाही.

तीन वर्षांचं जे ऐकलं ते 2000 च्या कायद्यात सगळ्याच गुन्ह्यांना होतं, 2012 च्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणात अल्पवयीन मुलाला तेवढीच शिक्षा झाली, देशभर संताप झाला, अन् नवा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे तो करणारा मुलगा 16 ते 18 चा असेल तर बोर्ड आधी प्राथमिक मूल्यांकन करते, त्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत केलं. खून त्यात येतो. तीन महिन्यांत हे संपवायचं असते, मग बोर्डाला वाटलं तर केस बाल न्यायालयात जाते अन् मोठ्यासारखा खटला चालू शकतो. तेव्हा फाशी नाही, अन् सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही नाही, पण तीन वर्षांची मर्यादा उरत नाही. 21 पर्यंत सुरक्षित जागी ठेवतात, त्यानंतर सुधारला नाही असं दिसलं तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

मी स्वतः या मूल्यांकनाला घाबरते, साडेसोळाच्या पोराच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं हे काही बैठकांत ठरवायचं म्हणजे फार नाजूक काम आहे, सुप्रीम कोर्टानंही 2022 मध्ये सांगितलं की बोर्डात बाल मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही की सरकारी वकिलांना आत्ताच भेटा, मूल्यांकनाची तारीख विचारून घ्या, निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील होते. अन् नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या, केस संपायची वाट बघू नका.

तारखेला बहिणीला एकटीला पाठवू नका. त्या व्हरांड्यात बाकं कमी असतात, बरेचदा त्याच बाकावर त्या पोराची आई बसलेली असते.