निवृत्तीनंतर कॅरिबियनमध्ये यॉटवर राहणारी जोडपी वादळांच्या मोसमात कुठे जातात?

बहुतेक जण जून उजाडण्याआधी दक्षिणेला, ग्रेनाडा किंवा त्रिनिदादला उतरतात. त्रिनिदादच्या शागुआरामास इथल्या यार्डांत बोट पाण्याबाहेर काढून ठेवता येते, म्हणून कित्येक जण तेवढ्यात मायदेशी मुला-नातवंडांकडे राहून येतात. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि वादळं सहसा या बेटांच्या उत्तरेकडून जातात. त्यामुळे बोटीच्या विम्याच्या पॉलिसीतही अनेकदा अक्षांशाची अट असते, म्हणजे मोसमात बोट ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला हवी. ती आधी वाचा, मगच बेत आखा. मात्र ग्रेनाडाला पूर्ण सुरक्षित समजू नका: २००४ मध्ये ‘इव्हान’ चक्रीवादळाने तिथे हाहाकार माजवला, १ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ने त्याच देशातलं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं. उतारवयात ऐनवेळची पळापळ नको, म्हणून मी त्रिनिदादच सुचवेन.